ओशिदोरीच्या झाडाखालची जमीन

नववीत शाळा सुटली. जपानमधल्या त्सुकुबात नवरा हॉटेलात तंदूर सांभाळतो आणि मी एका संशोधन संस्थेच्या आवारात झाडू मारते. इथल्या ओकची पानं वसंतात गळतात. एकही मागे राहू द्यायचं नाही, असा माझा नियम. कोणी बोललं तर, ही धास्ती होतीच. पण धड भाषा येत नसताना या लोकांनी काम दिलं, त्याचीही जाण होती.

एप्रिलमध्ये तळ्यावर ओशिदोरीची जोडी आली. बदकंच ती, पण नर दिसला आणि मी झाडू धरून उभीच राहिले. जांभळी छाती, डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला पांढरा पट्टा, पाठीवर शिडासारखी उभी दोन केशरी पिसं. इतके रंग एका जिवाला मिळू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं. मादी राखाडी. तिच्या डोळ्याभोवती पांढरं कडं आणि काजळाची काडी बाहेर ओढावी तशी मागे गेलेली बारीक रेघ. एके सकाळी ती उडाली आणि थेट ओकच्या ढोलीत शिरली, दुसऱ्या मजल्याइतक्या उंच.

आमचे मुकादम सत्तरीचे. माझ्याशी सोपं, तोडून तोडून बोलतात. मला ओकुसान म्हणतात, म्हणजे वहिनी. म्हणाले, "इथे सुखी जोडप्याला ओशिदोरी म्हणतात. पण मादी अंड्यांवर बसली की नर गायब. माझी बायको म्हणते, तुम्ही खरे ओशिदोरी."

महिनाभर ते वहीत दिवस मोजत होते. एकदा काम संपताना म्हणाले, "उद्या-परवा पिल्लं खाली येतील."

"आई चोचीत धरून आणते?"

"नाही. उडी मारतात."

"उडता येतं त्यांना?"

"नाही."

मी झाडाखाली पाहिलं. सारवल्यासारखी जमीन. माझीच करणी. शेडमागे पानांच्या पिशव्या लॉरीची वाट पाहत होत्या. विचारायचं धैर्य नव्हतं, म्हणून न विचारताच एक ओढत आणली, फोडली, ओतली. मग दुसरी.

मुकादम कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "ओकुसान, इतके दिवस मी तुम्हाला झाडायला शिकवलं. कचरा करायला कोणी शिकवलं?"

माझे हात थांबले. ते गेले, आणि तिसरी पिशवी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मादी खाली उभी राहून हलक्या आवाजात बोलावत होती. ढोलीच्या तोंडाशी कापसाच्या बोंडाएवढं पिल्लू आलं आणि त्याने स्वतःला सोडून दिलं. पानांत पडलं, उसळलं, चालू लागलं. एकामागून एक आठ पडली. नववं तोंडाशीच थांबलं. आई तळ्याकडे वळली तेव्हा त्याने उडी घेतली, आणि वाऱ्याने म्हणा की घाईने, ते पानांच्या पलीकडे, वाटेच्या फरशीवर आपटलं.

मी धावणार तोच मुकादमांनी बाही धरली. पिल्लू क्षणभर पालथं होतं. मग उठलं, अंग झटकलं आणि रांग गाठायला धावत सुटलं.

"पानं नसती तरी चाललं असतं," मी म्हटलं.

"चाललं असतं," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही तळ्याकडे बघत राहिलो.