वळण्याआधी

खर्ड्याच्या शाळेत खेळ शिकवणारे सहादेव सुरवसे तरुणपणी फुटबॉलमध्ये फॉरवर्ड होते. गोलकडे पाठ करून पास घ्यायचा, डिफेंडरला अंगावर येऊ द्यायचं आणि गर्रकन वळून फटका मारायचा, ही त्यांची खासियत. दहावीतल्या रेश्माकडून त्यांनी ती दोन वर्षं घोटून घेतली.

जिल्हा संघाच्या निवडीला आठवडा उरला, तेव्हा रेश्मा मैदानाच्या पायऱ्या आडवं पाऊल टाकत उतरू लागली. भर उन्हातही मोजे गुडघ्यावर ओढलेले.

"दुखतंय का गं?" सरांनी विचारलं.

"न्हाई सर. काय न्हाई."

मोज्याखालची सूज सरांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांचा स्वतःचा गुडघा आधी असाच सुजला होता, आणि मग एका वळणात कायमचा गेला होता. तिला थांबवायला हवं होतं. पण अशी पोरगी पुन्हा हाती लागणार नव्हती. ते म्हणाले, "मग डावीकडून वळ. अजून वीस वेळा."

निवडीच्या सामन्यात पास आला, रेश्मा वळली, बॉल जाळीत गेला आणि ती जागीच कोसळली. लोक टाळ्या वाजवत होते. सर मात्र केव्हाच मैदानात धावत सुटले होते.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, आता खेळणं नाही. दवाखान्याच्या दारात रेश्माची आई छबूबाई सरांच्या पाया पडायला वाकली. "तुमी लई केलं पोरीसाठी."

सरांनी तिचे हात धरले. "मला म्हाईत हुतं, छबूबाई. आठ दिवस आधीच म्हाईत हुतं."

छबूबाईनं हात सोडवून घेतले आणि ती आत लेकीपाशी गेली.