आजारी पडायची बारी

माझ्या बायकोच्या मामांइतकी धडधाकट माणसं दवाखान्यात धाडलेला दुसरा गृहस्थ सबंध सातारा-सांगलीत झाला नसेल. मामा कुंडलजवळच्या एका गावात, म्हणजे माझ्या सासुरवाडीतच, पाटकरी होते. पाटाचं पाणी कुणाच्या उसाला कधी सोडायचं, ही बारी लावणं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर हाताशी पाणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी गावाला आजारी पडायच्या बाऱ्या लावल्या.

हे सत्तरच्या दशकातलं. गावात सरकारी दवाखाना होता. पण बागायतदार साध्या खोकल्याला सांगली गाठत, आणि मजुरांची दिवसा रानातून सुटका नसे. बाकडं रिकामं, म्हणून दवाखानाच दुसरीकडे हलवायचं वरच्या कचेरीत चाललं होतं. मामांनी मोर्चा काढला नाही. दिवेलागणीला ते एकेकाच्या दारात उभे राहत आणि सांगत, "उद्या तुमची बारी. पोट दुखंल." तालमीतल्या पैलवानाला त्यांनी चक्कर दिली. सोसायटीच्या चेअरमनना खरूज दिली. ते बिघडले, तेव्हा गुडघेदुखीवर तडजोड झाली. आम्हाला कशाला, मजुरांना बसवा की, असं चेअरमन म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "आवं, तुमी बसल्याबिगर हितं औषध यायचं न्हाई. तुमी बसा, मग त्यास्नी मिळंल." आणि तसंच झालं. बाकड्यावर ताटकळलेल्या चेअरमननी वरपर्यंत आरडाओरडा केला, तेव्हा कपाटात औषधं आली आणि मजुरांच्या सोयीला दवाखाना संध्याकाळीही उघडू लागला.

तरी हलवण्याचा विचार मिटला नव्हता. तपासणीला जिल्ह्याचे साहेब यायचे होते. त्यांच्या शेऱ्यावर सगळं ठरणार होतं. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. मी बातमीत कधी नसतो, याचा मला अभिमान होता. बायकोचं म्हणणं, घरातही नसतो. साहेब येणार त्या दिवशी मी अत्यंत तटस्थपणे सासुरवाडीला गेलो. नेमकं त्याच सकाळी पाटाला पाणी सुटलं आणि गावातले सगळे नियोजित आजारी उसात पळाले. आयुष्यभर पाण्यानं मामांचं ऐकलं होतं. ते त्या दिवशी उलटलं. मामा मोकळ्या बाकड्यापर्यंत गेले. मग माझ्याकडे वळले.

"जावईबापू, बसा."

मी म्हणालो, मी फक्त बघायला आलोय.

"मग बसून बघा."

मला काही झालेलं नाही, हेही मी सांगितलं.

"त्ये डॉक्टर ठरवतील."

डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला आणि मला खाटेवर आडवं केलं. रक्तदाब भलताच चढला होता. साहेब आत आले तेव्हा गावचा जावई बनियनवर पडलेला होता. सांगलीत एवढे डॉक्टर असताना इथं कसे, असं त्यांनी विचारलं. इतरांची वाक्यं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली होती. स्वतःचं एकच सुचलं. "इथं तपासलं, म्हणून कळलं."

दवाखाना राहिला. मामा बाहेर सांगत होते, "खरा आजार आणल्याला पयलाच गडी, आन् त्योबी पावणा." मी बातमी दिली. तिच्यात 'एक रुग्ण' एवढाच मी होतो.

पुढं दर दिवाळीला सासुरवाडीला गेलो की मामा संध्याकाळी दारात येत आणि माझी बारी सांगत. यंदा ते नाहीत. संध्याकाळी मी ओट्यावर बसलो, पण बारी सांगायला कुणी आलं नाही. सकाळी आपणहून दवाखान्यात गेलो. बाकड्यावर चेअरमनांची सून आणि एक ऊसतोडीची बाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. नव्या डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय?

"काही नाही," मी म्हणालो. "आज माझी बारी आहे."