जंताची कुळी

नातीच्या पायाच्या तळव्यावर लाल, वेटोळी रेघ उठली आणि रोज थोडी पुढे सरकायला लागली. मुलगा म्हणाला, "आये, नागीण हाय. गेरू लाव."

त्याला काय बोलू? लहानपणी त्याच्या पायावर अशीच रेघ होती. तेव्हाची मी म्हणजे शेणवे गावातली अतिशहाणी. गेरू फासला, तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटले. रेघ आपोआप विरली, पण मान कोण सोडतंय? मग बायका खरूज, गजकर्ण, काहीही घेऊन दारात यायच्या आणि ही बया नाक वर करून गेरू कालवत बसायची.

या वेळी मी पोरीला शहापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याचा जंत मातीतून कातडीत शिरलाय. औषध दिलं. घरी येताच मुलाने दोरी काढली. आमच्या पाळलेल्या कुत्रीला सापगावच्या पुलापलीकडे सोडून येणार म्हणे. नात कुत्रीच्या गळ्याला मिठी मारून बसली, जेवेना.

त्याच सुमारास गुरांच्या डॉक्टरकीची एक विद्यार्थिनी गावातल्या कुत्र्यांची घाण डब्यांत भरून नेत होती. गाव दात काढत होतं. तिने मला समजावलं, या जंतांची अंडी भिंगाखाली सारखीच दिसतात. जनुकं तपासली तरच कळतं, कुठला माणसात शिरतो नि कुठला नाही. म्हणजे जंताची कुळी काढायची! लग्न जुळवताना मी लोकांच्या सात पिढ्या उकरायचे. जंताला मात्र न विचारताच नागीण करून टाकलं होतं.

मुलाला म्हटलं, निकाल येईपर्यंत दोरी खुंटीला टांग.

निकाल आला. आमच्या कुत्रीत माणसाच्या कातडीत शिरणाराच जंत होता. मुलगा लगेच ताठ झाला, "बघ, मी सांगत नव्हतो?"

पण त्या विद्यार्थिनीचं बोलणं संपलं नव्हतं. आळीतल्या बहुतेक कुत्र्यांत तोच निघाला होता. मी विचारलं, "आता किती दोऱ्या आणतोस?"

तिने कुत्रीला जंताचं औषध पाजलं. पोरीला चप्पल घाला, अंगणातली घाण रोज उचला, म्हणाली.

"कुत्र्याची घाण मी उचलू?"

"गाईचं शेण दोन्ही हातांनी उचलतोस ना? याला फावडं घे."

आता तो रोज सकाळी तोंडाला रुमाल बांधून, शेजारी उठायच्या आत, फावडं घेऊन अंगणात फिरतो. कुत्री शेपूट हलवत त्याच्या मागे, आणि नात चप्पल फटफटवत कुत्रीच्या मागे.