अण्णांचा डावा डोळा

माझे वडील तिरळे होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरातल्या बहुतेक गोष्टी तिथूनच निघतात. उजवा डोळा सरळ, सज्जन, हजेरी लावायला उभ्या असलेल्या मुलासारखा समोर. डावा मात्र स्वतंत्र बाण्याचा. तो बाहेरच्या बाजूला कुठेतरी निघालेला असायचा आणि त्याला परत बोलावणं कोणाच्याही हातात नव्हतं, अण्णांच्याही नाही.

हसनाबादच्या बाजारात अण्णांचं टेलरिंगचं दुकान होतं. तिरळ्या टेलरकडे कापड टाकायला माणसाला थोडी हिंमत लागते, पण अण्णांचा हात सरळ होता, त्यामुळे गिऱ्हाईक तुटलं नाही. गंमत व्हायची ती माप घेताना. "हात वर करा," असं अण्णा समोरच्याला म्हणायचे आणि बाजूच्या बाकावर बसलेला भलताच माणूस दोन्ही हात वर करायचा. एकदा एक पाहुणा असा हात वर करून बराच वेळ उभा राहिला. शेवटी अण्णा त्याला म्हणाले, "तुमचं काय शिवायचंय?" तो म्हणाला, "काही न्हाई, मी तर एसटीची वाट बघून राह्यलो."

घरातही तेच. आम्ही दोघे भाऊ. परीक्षेचा निकाल घेऊन शेजारी शेजारी उभे राहिलो की अण्णा कोणाला रागावतात हे कळायचं नाही, म्हणून दोघेही रडायचो. ज्याला खरंच रागावलेले असायचे तो नेमका कमी रडायचा. पुढे मी जालन्यात शिक्षक झालो, शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवू लागलो, तेव्हा मुलांना हे किस्से डोळे फिरवून करून दाखवायचो. मुलं लोळायची. अण्णांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बराबर करत जा. उजवा डोळा हालू देऊ नको."

तर असा हा डोळा, आणि तो एकाही फोटोत नाही.

याला कारण फोटोवाल्यांची पद्धत. माणूस तिरळा दिसला की फोटोवाला त्याला दुखावत नाही, तो त्याला वळवतो. "अण्णा, जरा तिकडं बघा. दाराकडं. हां, बस." मागे महालाचा रंगवलेला पडदा लावणाऱ्या जुन्या स्टुडिओवाल्यापासून लग्नात ड्रोन उडवणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांनी अण्णांना डावीकडे तोंड करायला लावलं. फोटोत यायचा तो फक्त उजवा गाल, उजवा कान, उजवा डोळा. आमच्या अल्बममध्ये अण्णा कायम चौकटीच्या बाहेर काहीतरी बघत असतात. सगळे नवरा-नवरीकडे बघतायत आणि अण्णा, पंगत बसली की काय, अशा चेहऱ्याने भलतीकडे. अण्णांना सवयच लागली होती. कॅमेरा दिसला की ते आपणहून वळायचे. आधार कार्डावर समोरून फोटो होता, पण तो कोणाचाही असू शकला असता. त्यात डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग होते.

अण्णा गेले ते दुकानातच, मशीनवर बसल्या बसल्या. पायाखालचं पॅडल थांबलं म्हणून मायने मान वर करून पाहिलं. ती शेजारीच सतरंजीवर काजं करत बसली होती. त्या दिवसाबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी फाट्यावर श्रद्धांजलीचा बोर्ड लागायला पाहिजे, असा आता आमच्याकडे नेमच झाला आहे. पूर्वी माणूस मेला की गावाला कळायचं, आता गावाला कळून चुकलेलं असतं तरी बोर्डाशिवाय कोणाची खात्री पटत नाही. हसनाबादच्या फाट्यावर तसे बारा महिने चेहरे टांगलेले असतात. वाढदिवसवाले, निवडीवाले, श्रद्धांजलीवाले. सगळ्यांचा रंग एकच, दुधात बुडवून काढल्यासारखा. उन्हात हरभरा उपटून काळा ठिक्कर पडलेला गडीसुद्धा बोर्डावर गोरापान होऊन गॉगल लावून उभा असतो आणि त्याच्याच खाली, त्याच्या पाच पट काळा, तो स्वतः चहा पीत असतो. आम्ही हसतो, आणि आपली वेळ आली की तिथंच जातो.

धाकटा आणि मी भोकरदनला बोर्डवाल्याकडे गेलो. धाकट्याच्या मोबाइलवर एका लग्नातला फोटो होता. अण्णा अर्थातच डावीकडे वळलेले. बोर्डवाला तिशीतला, नम्र, हसतमुख माणूस. तो म्हणाला, "सर, साइडचा फोटो बोर्डावर बरा न्हाई दिसत. समोरून करून देऊ का?"

"समोरून कसा करणार?" धाकटा म्हणाला. "माणूस तर गेला."

"माणूस कशाला लागतो?" तो म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.

त्यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. पडद्यावर अण्णा वळले. हळूहळू, कोणीतरी मागून हाक मारल्यासारखे, आमच्याकडे वळले. ज्या बाजूचा एकही फोटो जगात नव्हता ती डावी बाजू पुढे आली. गाल आला, कान आला, डोळा आला. दोन्ही डोळे सरळ आमच्यावर. उभ्या आयुष्यात अण्णांनी एका वेळी दोन डोळ्यांनी आमच्याकडे पाहिलं नव्हतं. धाकटा हुंदके द्यायला लागला. माझ्या तोंडून "वा" निघालं. नाटकवाला माणूस, एवढी झकास एन्ट्री बघितल्यावर दाद देणारच.

बोर्ड लागला. फाट्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबला. "एकदम जिवंत." "आत्ता बोलतील असं वाटून राह्यलं." अण्णांचा एक जुना दोस्त बराच वेळ बघून म्हणाला, "गडी इतका देखणा व्हता, मला म्हाईतच नव्हतं." तोच फोटो फ्रेम करून कार्यक्रमाला बुद्धमूर्तीच्या खालच्या बाजूला ठेवला, मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली.

माय पांढरं लुगडं नेसून फोटोसमोर बसली होती. मग उठून फोटोतल्या अण्णांच्या डाव्या अंगाला बसली. थोड्या वेळाने पुन्हा सरकली. पाहुणे पांगल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"हे कोण हायेत रे?"

दुःखाने डोक्यावर परिणाम झाला की काय, असं वाटलं. "अण्णा हायेत, माय."

"हे सगळ्यांकडं बघून राह्यलेत," ती म्हणाली. "तुझे अण्णा तसे न्हाई बघायचे. समोर गिऱ्हाइकाकडं बघायचे आन् मंग इकडचा डोळा माझ्यावर असायचा."

दुकानात अण्णा मशीनवर बसायचे आणि माय त्यांच्या डाव्या हाताला, खाली सतरंजीवर. लग्न होऊन आली तेव्हापासून तीच जागा. आम्ही त्या डोळ्यावर एवढे विनोद केले, पण तो जातो कुठे हे बघायला कोणी त्याच्या रेषेत जाऊन बसलं नव्हतं.

"माय, त्या डोळ्यानं त्यांना दिसत नव्हतं. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना."

"दिसत नसंल," माय म्हणाली. "बघायचा तर माझ्याकडंच."

मग तिने तिचं म्हणणं मांडलं, आणि ते इतकं छोटं होतं की मला हायसं वाटलं. बाकी फोटो राहू द्या, कपडे राहू द्या, गोरा रंग पण राहू द्या. तेवढा डोळा तिचा तिला करून द्या.

आम्ही सगळे अल्बम काढले. दोन्ही भावांच्या सासरवाड्यांचे मागवले. माझ्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग लावलं, त्यात अण्णा एकदा समोरून चालत येताना दिसले. मी धाकट्याला हाक मारली, तेवढ्यात पडद्यावर एक मोठा बदाम उमलला आणि बदामातून नवरा-नवरी बाहेर आले. बदाम मिटला तेव्हा अण्णा निघून गेले होते. पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं, बदाम दर वेळी वेळेवर हजर.

शेवटी मायला घेऊन भोकरदनला गेलो. बोर्डवाल्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि खरंच मनापासून म्हणाला, "मावशी, तुम्ही फक्त सांगत जा, मी सरकवत जातो."

त्याने डाव्या डोळ्यातलं बुबुळ धरलं आणि बाहेर ओढलं. आम्ही श्वास धरून. त्याने फोटो सेव्ह केला, आणि बुबुळ आपलं आपण मध्यभागी येऊन बसलं.

"हे काय?" मी विचारलं.

"आपोआप दुरुस्त होतं सर. त्याला वाटतं, चूक हाये."

"त्याला सांग ना, चूक न्हाई म्हणून," माय म्हणाली.

"त्याला सांगता येत न्हाई, मावशी."

मग त्याने कुठे कुठे शोधून ते दुरुस्तीचं काम बंद केलं आणि हाताने करायला बसला. पहिल्यांदा अण्णा घाबरलेल्या घोड्यासारखे दिसले. दुसऱ्यांदा सिनेमातल्या खजिना लपवणाऱ्या मुनिमासारखे. एकदा दोन्ही डोळे नाकाकडे आले, तेव्हा मी हसलो, बोर्डवाला हसला आणि मायसुद्धा पदराआड हसली. तोवर सगळं छान चाललं होतं.

"जरा खाली," माय सांगायची. "इतका न्हाई. थोडा बाहेर. पापणी जड पाहिजे. हां… न्हाई. मघाचा दाखव. मघाच्या आधीचा." तो दाखवायचा. एकाखाली एक अण्णा तयार होत गेले. पडद्यावर अण्णांची पंगत बसली, प्रत्येकाची नजर वेगळीकडे. माय खुर्ची पुढे ओढत ओढत पडद्याला भिडली. तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. "हा?" बोर्डवाला विचारायचा. ती थांबायची. "असंल," म्हणायची. मग, "न्हाई."

एका फोटोपाशी ती खूप वेळ थांबली. मला वाटलं, सापडले.

"बस कर बाबा," ती म्हणाली.

"मावशी, अजून एक करून बघू. जवळ आल्तो आपण."

"जवळ न्हाई आलो. लांब गेलो." ती उठली. "सकाळी घरून निघाले तवा मला दिसत व्हता त्यो डोळा. आता हेच दिसून राह्यलेत सगळे."

बोर्डवाला खजील झाला. त्याचा काही दोष नव्हता. दोष कोणाचाच नव्हता. दोष असता तर भांडता तरी आलं असतं.

गाडीत ती डोळे मिटून बसली होती. मी आरशातून बघत होतो. झोपली नव्हती, मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलत होती. शोधत असावी.

दुसऱ्या दिवशी तिने मला दुकानात नेऊन समोर बसवलं. "तू पोरांना करून दाखवतो ना? मला दाखव."

तिच्यासमोर मी ते कधी केलं नव्हतं. मशीनच्या स्टुलावर बसलो, ती सतरंजीवर तिच्या जागी. उजवा डोळा दारावर खिळवला आणि डावा सोडून दिला. गॅदरिंगला हे केलं की शिट्ट्या पडतात. त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं असेल, बुबुळाच्या शिरा तटतटल्या. मायने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, खालून वर पाहिलं, अण्णांच्या नजरेच्या रेषेत मान नेऊन पाहिलं.

"तू तुझाच दिसतो," ती म्हणाली आणि उठून घराकडे गेली.

त्यानंतर मी ती नक्कल केली नाही. कोणासाठी व्रत वगैरे घेतलं नाही, नक्कल जमेनाच. डावा डोळा सोडायचा म्हटलं की भोकरदनच्या पडद्यावरचे ते सगळे अण्णा रांगेने उभे राहतात आणि यातला कोणता करायचा हे कळत नाही. धाकट्याला विचारलं, तर त्याला आता अण्णा थेट समोर बघणारेच आठवतात. स्वप्नातसुद्धा तसेच येतात म्हणे, गोरे, आणि बोर्डावर होता तोच शर्ट घालून.

फ्रेम आमच्या ओसरीत आहे, दारातून आलं की समोर. मायची खाट तिथंच आहे. परवा मी गेलो होतो तेव्हा शेजाऱ्यांकडे नवीन लग्न होऊन आलेली सून मायला भाजी द्यायला आली. फोटोकडे बघून म्हणाली, "आजी, हे आजोबा का? किती छान बघून राह्यलेत." मग जरा चाचरत, "आमच्या सासूबाई म्हणत होत्या, त्यांच्या डोळ्यात काहीतरी व्हतं म्हणून."

मी मायकडे पाहिलं. तिने फोटोकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"न्हाई गं," ती म्हणाली. "असेच व्हते ते."

आणि भाजी निवडायला घेतली.