शेठजींच्या आवारातला वाफाळता ढीग

"बाई, लवकर या. तुमच्या ढिगाला आग लागलीय."

फोनवर फर्नांडिस होते. मरोळच्या एका रंगाच्या कारखान्याचे सिक्युरिटी इनचार्ज. त्या कारखान्याच्या बागेचं कॉन्ट्रॅक्ट माझ्याकडे होतं. मी सांताक्रूझला माझ्या नर्सरीत कुंड्या भरत होते. नर्सरीत फोन नव्हता, शेजारच्या केमिस्टकडे यायचा. रिसीव्हर माझ्या हातात देणारा केमिस्टचा माणूस माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच काडी लावून आले आहे.

"आग दिसतेय का?" मी विचारलं.

"धूर दिसतोय. भरपूर. कामथ साहेब पाइप लावायला सांगतायत."

"पाणी मारू नका, ढीग वाहून जाईल! मी आलेच!"

मातीचे हात तसेच घेऊन मी रिक्षात बसले. रिक्षावाल्याला सारखी घाई करत होते. कारण त्या ढिगाच्या पाठीमागेच थिनरचं गोडाऊन होतं. थिनर म्हणजे रंग पातळ करायचं औषध, ठिणगी पडली की भडकणारं. ढीग तिथे नको असं मी फॅक्टरी मॅनेजर कामथना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "मॅडम, पुढे ठेवला तर पाहुण्यांना दिसेल. मागे कोणाला दिसतोय?" आता सगळ्या कारखान्याला दिसत होता.

या ढिगाची हकीकत सांगायला हवी. ऐंशीच्या दशकातल्या बागकामात पालापाचोळ्याचं एकच करायचे, जाळायचे. कारखान्याच्या आवारात मोठमोठी पर्जन्यवृक्षाची झाडं होती आणि ती पानं गाळायला लागली की थांबायचं नाव घेत नसत. आधीचा कॉन्ट्रॅक्टर रोज संध्याकाळी शेकोटी पेटवायचा. रंगाच्या कारखान्यात! मी आल्यावर ते बंद केलं. सुका पाला, कापलेलं गवत, छाटलेल्या फांद्यांचे तुकडे असे थर देऊन ढीग रचायचा, ओला ठेवायचा, अधूनमधून उलटापालटा करायचा. काही महिन्यांत त्याचं काळं भुसभुशीत खत होतं आणि तेच परत लॉनवर पसरायचं. बाहेरून मातीची गाडी मागवावी लागत नाही. आता याला मोठमोठी नावं आहेत. आम्ही नुसतं 'ढीग' म्हणायचो.

कामथना ढीग पहिल्यापासून खुपत होता. पण कारखान्याचे मालक शेठजी माझ्या बाजूने होते. ते कट्टर जैन. पाला जाळताना त्यातल्या किडेमुंग्या मरतात, याचा त्यांना मनापासून त्रास व्हायचा. ढीग बघून ते म्हणाले होते, "हे चांगलं आहे, बाई. यात कोणाचा जीव जात नाही." तरी कामथनी मला बजावून ठेवलं होतं, "ढिगाची एक कम्प्लेंट आली की तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही." आणि रिन्यू व्हायची वेळ तोंडावर आली होती. माझं ते पहिलं मोठं काम. ते गेलं असतं तर माझ्याबरोबर माझे माळीही घरी बसले असते.

मी पोचले तेव्हा कामगार आवारात बाहेर येऊन उभे होते. थंडीतली सकाळ. ढिगाच्या डोक्यावरून पांढरे लोट निघत होते. फायर टीमची माणसं पाइप धरून तयार. कामथ हेल्मेट घालून येरझाऱ्या घालत होते.

"मॅडम, गोडाऊन उडालं असतं तर जबाबदार कोण?"

"साहेब, ही आग नाही. वाफ आहे."

"वाफ? कचऱ्यातून?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. ढीग किती तापलाय हे बघायला मी त्यात एक लोखंडी सळई कायम खुपसून ठेवायची. ती उपसली. नेहमी कोमट लागायची, आज हात लावता येईना. माझ्याही मनात पाल चुकचुकली. पण सळई ओली होती, आणि जळाल्याचा वास नव्हता. मी फावड्याने ढिगाची एक बाजू फोडली, आतला पाला फडक्यात घेऊन कामथसमोर पिळला. पाणी टपटप गळलं.

"पिळल्यावर पाणी येतं ते जळणार कसं? पाला कुजायला लागला की आपोआप तापतो. गार हवेत त्याची वाफ दिसते. उन्हं वर आली की दिसणार नाही."

फर्नांडिसनी वाकून स्वतः हात घातला, चटकन काढला आणि मान हलवली. "गरम आहे, पण पेटलेलं नाय साहेब. ओलंचिंब आहे."

पाइप खाली झाले. माझा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ टिकला नाही. फोडलेल्या बाजूने जो वास सुटला, तो पाल्याचा नव्हता. कामथनी नाक वर केलं. ते मंगलोरकडचे, मासळीवर वाढलेले. त्यांना आधी ओळख पटली आणि मग चेहऱ्यावर भीती उमटली.

"मॅडम," ते एकदम हळू बोलायला लागले, "हे... मासे आहेत?"

मी वळून धोंडूदादांकडे बघितलं. धोंडूदादा माझे हेड माळी, मालवणचे. गिरणीत होते, संपात गिरणी सुटली आणि माझ्याकडे आले. माणूस कामाला वाघ. ढीग लवकर तापत नाही म्हणून मी गेले काही दिवस कुरकुरत होते, ते त्यांनी मनावर घेतलं होतं.

"बाई, मियाच घातलंय," ते छाती पुढे काढून म्हणाले. "वर्सोव्यासून सुकटीचो चुरो आणलंय. आमच्या गावाक माडाक ह्योच घालतत. बघा कसो तापलो!"

तापला होता खराच. मासळी कुजताना पाल्यात जी गरमी येते ती नुसत्या गवताने येत नाही. शास्त्र म्हणून काम अगदी झकास होतं. पण या आवारात कँटीनमध्ये अंडंसुद्धा शिजत नव्हतं. कामगारांच्या डब्यात मासळी निघाली तर गेटबाहेर बसून खावं लागायचं. आणि धोंडूदादांनी मासळी पोत्यांनी आणून मध्येच पुरली होती.

"झाकून टाका, झाकून टाका," कामथ म्हणाले आणि स्वतःच पायाने पाला लोटायला लागले. तेवढ्यात गेटमधून शेठजींची गाडी आत आली. आगीची खबर त्यांना घरीच मिळाली होती.

शेठजी उतरले. पांढरे कपडे, हातात रुमाल. "कोणाला लागलं का?" त्यांनी पहिलं हे विचारलं. नाही म्हटल्यावर ते ढिगाजवळ आले आणि जागीच थांबले. रुमाल नाकाला गेला.

"कामथ, हा वास कसला?"

"सर, ते... खत आहे. नवीन प्रकारचं. इम्पोर्टेड."

मी तोंड उघडणार, त्याआधी धोंडूदादा पुढे झाले. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "इम्पोर्टेड कसला शेट? मासळी ती. वर्सोव्याची."

माझं कॉन्ट्रॅक्ट गेलं, हे मी मनात मान्य करून टाकलं. नर्सरीतल्या माणसांना काय सांगायचं त्याची जुळवाजुळवसुद्धा सुरू झाली.

"शेठजी, चूक आमची आहे," मी म्हटलं. "कोळणींकडे सुकवताना खराब झालेली मासळी असते, फेकून द्यायची. ती खताला वापरतात. पण तुमच्या आवारात आणायला नको होती. तुमचं मन दुखावलं, माफ करा."

शेठजी कामथकडे वळले. "तुम्ही मंगलोरचे ना? तुम्हाला वास कळला नाही?"

कामथनी हेल्मेट काढून हातात घेतलं आणि त्याच्या पट्ट्याशी खेळत राहिले.

शेठजींनी धोंडूदादांना जवळ बोलावलं. "यासाठी कोणी मासळी मुद्दाम मारली का?"

"नाय ओ शेट. कोणी खाणा नाय, कोणी घेणा नाय, तशी ती."

शेठजींनी ढिगामागच्या गोडाऊनकडे नजर टाकली. मग म्हणाले, "हा ढीग आजच बाहेर जाईल. जागा धुऊन घ्या. नवीन ढीग दुसरीकडे करा, गोडाऊनपासून लांब. त्यात गरमीसाठी काय चालतं?"

"शेण चालतं. जोगेश्वरीच्या तबेल्यातून आणता येईल," मी म्हटलं.

"मग शेण आणा. पण पाला पुन्हा जाळायचा नाही. आणि बाई, या माणसाला काढू नका. त्याने एकट्यानेच मला खरं सांगितलं."

"आणि शेठजी, आमचं कॉन्ट्रॅक्ट..."

"ढीग करायला लावतोय म्हणजे कॉन्ट्रॅक्ट आहेच ना?" असं म्हणून ते लांबच्या रस्त्याने ऑफिसकडे गेले.

मी कट्ट्यावर बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले. धोंडूदादांना वाटलं बाईंच्या डोक्यात वाफ गेली. त्यांनी पाणी आणून दिलं. इतकं हलकं मला परीक्षा संपल्यावरही कधी वाटलं नव्हतं.

आता प्रश्न एवढाच की हा गरम, वास मारणारा ढीग न्यायचा कुठे? फर्नांडिस माझ्याजवळ येऊन खाकरले. ते मरोळ गावठाणातले, घरामागे थोडी वाडी होती, माड होते.

"बाई, आमच्या वाडीत टाकाल का? एवढा चांगला माल फुकट कशाला घालवायचा?"

"मघाशी तर तुम्ही आग आग करून ओरडत होता."

"तेव्हा मला कुठे माहीत, आत काय आहे ते!"

दुपारपर्यंत टेम्पोने ढीग गावठाणात पोचवला. धोंडूदादा जातीने बरोबर गेले आणि कुठल्या माडाला किती घालायचं ते सांगून आले. कामथ त्यानंतर माझ्याशी बरेच नरमाईने वागायला लागले. शेणाचा नवा ढीग मासळीच्या ढिगाइतका कधीच तापला नाही, खत व्हायला वेळ लागायचा, पण व्हायचं.

बागकामाच्या शाळेत शिकवतात त्यातलं बरंचसं मी विसरले. पण तेव्हापासून नव्या साइटवर गेले की मी दोन गोष्टी आधी विचारते. पाणी कुठून येतं, आणि मालक काय खातात. माती नंतर बघते.