यादीत नसलेलं वाळूक

परवा गंजगोलाईच्या बाजारात एका हातगाड्यावरून पिकलेल्या वाळकाचा, त्या गावरान काकडीचा, वास आला आणि आमची गच्ची आठवली. लातुरात नवीन घर झालं होतं. गच्चीवरची बाग मी मोबाईलच्या ॲपवर आखत होतो. कुठं ऊन, कुठं कुंडी, एकच चौकोन रिकामा उरला होता. तेवढ्यात आई मुखेडहून एसटीनं आली, राखेत जपलेलं वाळकाचं बी फडक्यात बांधून. म्हणाली, "एक आळं माझ्या बियाला ठेव." मी ॲपमध्ये शोधून तिला दाखवलं, "यादीत वाळूक नाहीच, आई." "त्याच्यात न्हाई म्हणून काय आमी खाल्लंच न्हाई व्हय?" मी हसलो आणि उरलेल्या चौकोनात ब्रोकोली टाकली. तिनं फडक्याला पुन्हा गाठ मारली आणि सकाळी पहिल्या गाडीनं परत गेली. ब्रोकोली चैत्रातच करपली. काही वर्षांनी आईही गेली. तिच्या पेटीत तेच फडकं निघालं, गाठ तशीच. सगळं बी पेरलं, एकही उगवलं नाही. काल पुन्हा ॲप उघडलं. आता यादीत वाळूक आहे, फोटोसकट. आळं कसं करायचं तेही दिलंय. बी कुठं मिळेल, याखाली एकच ओळ आहे: गावाकडच्या जुन्या माणसांना विचारा.