लुशियन मिशोचा एकतीस डिसेंबर

लुइस्टनमध्ये लुशियन मिशोइतका संथ कारागीर दुसरा नाही, आणि तरी रांग त्याच्याच दाराशी. हीट पंप, म्हणजे विजेवर घर गरम ठेवणारं यंत्र, बसवताना पाइपांतली हवा खेचून काढायला बाकीचे वीस मिनिटं देतात. हा तासभर दाबमापकाच्या काट्याकडे बघत बसतो. "ओल आत राहिली की यंत्र मरतं आणि शिव्या मला बसतात," हे त्याचं ठरलेलं उत्तर. घर तापवायची तेलाची भट्टी सोडा म्हणून गावाला सांगत फिरायचा. स्वतःच्या घरी मात्र जुनी भट्टीच धडधडत होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! त्याची बायको जनीन तीन वर्षं वाट बघत होती बिचारी.

त्या साली तर रांग हनुमानाच्या शेपटासारखी वाढली. हीट पंपावर आयकरात दोन हजार डॉलरपर्यंत सूट मिळायची, ती डिसेंबरअखेर बंद होणार होती.

एकोणतीस तारखेला थेरीस पुलिन भाजलेल्या बीन्सचं भांडं घेऊन त्याच्या दुकानात आली. शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी ही विधवा बाई लुशियनची लहानपणापासूनची मैत्रीण. ऑक्टोबरात तिचा नंबर आला, तेव्हा शेजारच्या घरी तान्हं बाळ आहे म्हणून तिने तो त्यांना देऊन टाकला होता.

"माझं मार्चमध्ये बसव रे, घाई नाही," ती म्हणाली. "पैसे ऑगस्टमध्येच भरलेत. सूट कुठे पळून जातेय?"

लुशियनने कपाळाला हात लावला. गावाची रीतच तशी. तेल ऑगस्टात स्वस्त, म्हणून पैसे तेव्हा भरायचे आणि जाळायचं जानेवारीत. पावती हातात आली की माणूस निर्धास्त.

"अगं बाई, पावतीवर नाही मिळत सूट! यंत्र एकतीसच्या आत बसून चालू झालेलं लागतं."

थेरीस मटकन खुर्चीत बसली. "मी त्या पैशांवर छपराचं काम ठरवलंय. निजायच्या खोलीत बादली ठेवून झोपते मी, लुशियन."

नंबर बदलला तेव्हा सूट लक्षात आहे ना, असं आपण एका शब्दाने विचारलं नाही, हे त्याला फार लागलं. "एकतीसला सकाळी सातला येतो."

"त्या दिवशी कुणाचा नंबर होता?"

"आहे एक गिऱ्हाईक. थांबेल ते," तो बीन्सचं झाकण उघडत म्हणाला.

एकतीसला गुडघाभर बर्फ होतं. त्याने ते उपसून बाहेरचं युनिट उंच घोडीवर चढवलं, भिंतीला भोक पाडलं, पाइप जोडले आणि नेहमीसारखा काट्यासमोर बसला.

"अरे, आज तरी आटप लवकर!"

"यंत्राला तारीख कळत नाही, थेरीस."

दोन वाजता घरातल्या युनिटमधून उबदार हवा आली. थेरीसने तिच्यासमोर दोन्ही हात धरले आणि तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात जनीन वाटाण्याचं सूप घेऊन आली.

"तुमच्याकडे कधी बसतोय गं?" थेरीसने विचारलं.

"आज आमचाच नंबर होता की," जनीन बोलून गेली, आणि नवऱ्याचा चेहरा बघून तिने जीभ चावली.

थेरीसने वाडगा खाली ठेवला. "म्हणजे तुमची सूट गेली माझ्यापायी?"

"तेल आहे अजून टाकीत," लुशियन पुटपुटला. "आम्ही काही गारठून मरत नाही."

"गप्प बस. जनीन, यंत्र कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये. खोक्यातच."

"मग साल कुठे संपलंय?" थेरीस बूट चढवू लागली. "सांग काय धरायचं, काय उचलायचं. चारशे पोरांची भांडी उचलते मी रोज."

"दमलोय गं मी," लुशियन म्हणाला.

"मीही दमलेच असते की वर्षभर बादल्या उपसून," ती म्हणाली आणि त्याच्या अवजारांची जड पेटी एका बाजूने उचलून उभी राहिली. अडतीस वर्षांत त्या पेटीला त्याने कुणाला हात लावू दिला नव्हता. त्याने दुसरी बाजू धरली आणि दोघं दारासमोरच्या पायऱ्या उतरू लागली.